अंगठी, तारा आणि नाथानाचे कोकरू

गेल्या प्रायश्चित्तकाळातील गोष्ट. सायंकाळच्या मिस्सानंतर आमच्या धर्मग्रामातील एक माता भेटावयास आल्या. पिशवीतून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढून त्यांनी ते आमच्या मेजावर ठेवले. मुखपृष्ठावर काळ्या घोड्यावर बसलेला बुरखाधारी स्वार होता. "फादर, हे वाचण्यात पाप आहे का? दहावीचं वर्ष आहे आणि पोरगा रात्र रात्र हेच वाचत बसतो. आत सगळे जादूगार नि भुतं आहेत." आम्ही पुस्तक थोडे चाळले, घड्याळाकडे पाहिले आणि म्हणालो, "परीक्षा होईपर्यंत आमच्याकडे राहू द्या."

बाईंचे समाधान झाले. आमचे झाले नाही. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही दिलेच नव्हते, कारण ते पुस्तक आम्ही वाचलेले नव्हते. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान वाचले, ईशज्ञान वाचले; मराठी कवितेची गोडीही तेथेच लागली. परंतु अद्भुतकथा म्हणजे बालवाङ्मय आणि विज्ञानकथा म्हणजे आगगाडीतील करमणूक, असा एक ग्रह मनात घर करून होता. पुढल्या रविवारी तो मुलगा स्वतः आला. पुस्तक परत मागण्यासाठी आला असेल असे वाटले होते. पण त्याने ते मागितले नाही. तो म्हणाला, "फादर, तुम्ही वाचून झालं की मला एक सांगा. फ्रोडो जिंकला की हरला? दोनदा वाचलं, पण मला कळलेलं नाही."

या प्रश्नाने आम्हांला ते हजारावर पानांचे पुस्तक वाचावयास लावले, आणि एका पुस्तकाने दुसऱ्याकडे नेले. त्या वाचनातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवावे, आणि आपल्या घरांतून काही पुस्तकांची शिफारस करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कल्पित कथा आणि सत्य

प्रथम शंकेचा विचार करू. जे घडलेच नाही, घडणे शक्यही नाही, ते वाचून श्रद्धावंताला काय मिळणार? या शंकेला पवित्र शास्त्रातच उत्तर आहे. दावीद राजाने ऊरियाची पत्नी घेतली आणि ऊरियाला रणात मरावयास धाडले. देवाने नाथान संदेष्ट्याला राजाकडे पाठवले. नाथानाने राजाला उपदेश केला नाही; एक गोष्ट सांगितली. एका श्रीमंताचे कळप होते. एका गरिबाजवळ एकुलते एक कोकरू होते, ते त्याच्या ताटातले खाई आणि त्याच्या कुशीत निजे. श्रीमंताने पाहुण्यासाठी ते हिसकावून नेले. राजा संतापला, आणि त्या संतापाच्या भरात त्याने स्वतःविरुद्धच निकाल दिला.

ते कोकरू कोणत्याही गोठ्यात नव्हते. नाथानाने ते कल्पनेतून निर्माण केले होते. ऊरियाचे नाव घेऊन सरळ आरोप केला असता तर राजापाशी शंभर सबबी तयार होत्या. या कोकराविरुद्ध त्याच्यापाशी एकही नव्हती. सदसद्विवेकबुद्धीच्या पुढल्या दारावर आपण सर्वांनीच पहारा बसवलेला असतो. गोष्ट मागल्या दाराने आत शिरते. प्रभू येशूनेही दयाळू शोमरोन्याची कथा सांगितली, तेव्हा त्या जखमी वाटसरूचे गाव कोणते, हे कोणी विचारले नाही.

आपल्या भाषेतही हे नवे नाही. फादर थॉमस स्टीफन्स या येशूसंघीय धर्मगुरूंनी 1616 साली गोव्यात 'ख्रिस्तपुराण' प्रसिद्ध केले, ते ओवीत आणि पुराणाच्या थाटात. लोक ज्या रूपात कथा ऐकावयास सरावले होते ते रूप त्यांनी आदराने हाती घेतले. अलीकडे पोप फ्रान्सिस यांनी 17 जुलै 2024 रोजी साहित्यवाचनाविषयी एक पत्र लिहिले. आरंभी ते केवळ गुरुदीक्षेच्या उमेदवारांसाठी योजले होते. पुढे त्यांनी ते सर्वच ख्रिस्ती जनांना उद्देशून केले. कथा-कादंबऱ्यांचे वाचन हा प्रौढ श्रद्धेच्या जडणघडणीचा भाग आहे, असा त्याचा आशय आहे. तरुणपणी, 1964 आणि 1965 या वर्षांत, अर्जेंटिनातील सांता फे येथे येशूसंघाच्या शाळेत ते स्वतः साहित्य शिकवीत असत.

तथापि प्रत्येक अद्भुत पुस्तक चांगले असते असे नाही. पारखण्यासाठी आम्ही स्वतःपुरते दोन प्रश्न ठरवले आहेत. पुस्तकात जादू आहे की नाही, हा त्यांपैकी नाही. पहिला प्रश्न : या कथेत सामर्थ्य कशासाठी वापरले जाते, आणि त्याची किंमत कोण मोजतो? दुसरा : जो पडतो, चुकतो, त्याचे या कथेत पुढे काय होते? ज्या पुस्तकात सामर्थ्य फुकट मिळते आणि पडलेल्याला फक्त तुडवले जाते ते पुस्तक, त्यात एकही जादूगार नसला तरी, मुलांच्या हाती देताना आम्ही दहादा विचार करू.

अंगठी

त्या मातेने आणलेले पुस्तक म्हणजे जे. आर. आर. टोल्किन यांची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही कादंबरी. ती 1954 आणि 1955 या सालांत तीन खंडांत प्रसिद्ध झाली. मराठीत मुग्धा कर्णिक यांनी ती 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने आणली आहे. टोल्किन यांचा जन्म 1892 चा. वडील लवकर गेले. आई मेबल यांनी 1900 साली कॅथलिक श्रद्धा स्वीकारली, तेव्हा नातलगांनी मदतीचा हात आखडता घेतला. 1904 साली मधुमेहाने आईचा अंत झाला आणि दोन पोरक्या मुलांचे पालकत्व बर्मिंगहॅमच्या ऑरेटरीतील फादर फ्रान्सिस मॉर्गन या धर्मगुरूंकडे आले. आईने श्रद्धेसाठी प्राण वेचला, ही जाणीव टोल्किन यांनी जन्मभर जपली. 1916 साली सोमच्या रणभूमीवर ते सैनिक म्हणून लढले, आणि जिवलग मित्र त्यांनी त्या महायुद्धात गमावले. अशा माणसाने लिहिलेली ही 'परीकथा' आहे.

कथासूत्र असे : इतरांच्या इच्छाशक्तीवर सत्ता गाजवण्यासाठी एका दुष्ट शक्तीने एक अंगठी घडवली आहे. ती बुटक्या, शांतताप्रिय हॉबिट जमातीतील फ्रोडोच्या वाट्याला येते. ती वापरून शत्रूवर मात करणे शक्य आहे. पण जो वापरील तो स्वतःच नवा शत्रू होईल. म्हणून ज्या ज्वालामुखीत ती घडली तेथेच नेऊन ती नष्ट केली पाहिजे. येथे आमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर लख्ख मिळते. गँडाल्फ हा जादूगार कथेतील थोर पुरुष; फ्रोडो त्याला अंगठी देऊ करतो, तेव्हा तो ती घेण्यास नकार देतो. आपण ती चांगल्या हेतूने, दयेपोटी वापरू, आणि त्याच वाटेने भ्रष्ट होऊ, ही त्याला भीती आहे. सत्तेच्या मोहाचे इतके नेमके निदान आम्ही फार थोड्या प्रवचनांत ऐकले आहे. आमच्या स्वतःच्या तर एकाही नाही.

आता त्या मुलाचा प्रश्न. ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही त्यांची क्षमा मागून शेवट सांगतो, कारण तो सांगितल्यावाचून टीका पुरी होत नाही. अन्नपाण्यावाचून सरपटत फ्रोडो त्या अग्निमुखाच्या काठावर पोहोचतो आणि ऐन क्षणी अंगठी टाकण्यास नकार देतो. ती माझी आहे म्हणतो आणि बोटात घालतो. शूर नायकाचा संकल्प शेवटच्या पावलावर मोडतो. मग अंगठी नष्ट होते कशी? तिच्या हव्यासाने पोखरलेला, माग काढत आलेला गॉलम नावाचा अभागी जीव फ्रोडोचे बोट चावून तोडतो, आणि आनंदाच्या भरात अंगठीसह अग्नीत कोसळतो.

हा गॉलम तेथवर जिवंत कसा राहिला? पूर्वी फ्रोडोच्या चुलत्याला, बिल्बोला, त्याला मारण्याची संधी होती. त्याला त्याची कीव आली. पुढे फ्रोडोलाही संधी होती. त्यानेही दया केली. ती दया त्या वेळी शहाणपणाची वाटत नव्हती. पण ज्या घटकेला फ्रोडोचे बळ संपले, त्या घटकेला पूर्वी दाखवलेली दयाच त्याच्या मदतीला आली. टोल्किन यांनी एका पत्रात या प्रसंगाचा संबंध प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतील अखेरच्या मागण्यांशी जोडला आहे. मोहात पडू न देण्याची आणि वाइटापासून सोडवण्याची विनंती करणारा माणूस हेच कबूल करीत असतो की स्वतःच्या बळावर मी टिकणार नाही.

कादंबरीत देवाचे नाव नाही, चर्च नाही, मिस्सा नाही. तरीही 1953 साली येशूसंघीय फादर रॉबर्ट मरे यांना लिहिलेल्या पत्रात टोल्किन यांनी ही कृती मुळात धार्मिक आणि कॅथलिक आहे, असे सांगितले आहे. लिहिताना ते नकळत घडले, पुनर्लेखनात जाणीवपूर्वक. खुणा शोधणाऱ्याला त्या सापडतात. अंगठीवाहक 25 डिसेंबरला प्रवासास निघतात. अंगठी 25 मार्चला नष्ट होते. देवदूताने मरियेला शुभसंदेश दिल्याचा तो सण. वाटेत त्यांना तगवते ती लेंबास नावाची पातळ भाकरी. इतर अन्नाची भेसळ न करता केवळ तिच्यावर विसंबले तर ती अधिक बळ देते. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांकडे पाथेय म्हणून ख्रिस्तशरीर घेऊन जाताना आताशा आम्हांला त्या भाकरीची आठवण होते. मात्र वाचकांनी खुणा मोजत बसू नये. लेखकाने त्या पुरून ठेवल्या आहेत, त्या कथेला खतासारख्या उपयोगी पडाव्यात म्हणून.

दोषही सांगितले पाहिजेत. वर्णने लांबतात, नावांचा गोंधळ होतो, स्त्रीपात्रे थोडी आहेत. पहिली शंभर पाने चिकाटीने वाचावी लागतात. चौदा-पंधरा वर्षांपुढील मुलांना हे पुस्तक द्यावे.

लहानांसाठी

त्याहून लहान मुलांसाठी टोल्किन यांचे मित्र सी. एस. लुईस यांची नार्नियाची सात पुस्तके (1950 ते 1956) आहेत. लुईस आधी नास्तिक होते. 1931 च्या सप्टेंबरात ऑक्सफर्डमध्ये टोल्किन आणि ह्यूगो डायसन यांच्याशी रात्री उशिरापर्यंत झालेल्या संवादाचा त्यांच्या ख्रिस्तश्रद्धेत मोठा वाटा होता. ते अँग्लिकन झाले, कॅथलिक नव्हे. त्यामुळे आपल्याला बिघडत नाही. पहिल्या पुस्तकात एडमंड नावाचा मुलगा मिठाईच्या लोभाने आपल्या भावंडांचा विश्वासघात करतो, आणि त्याच्याऐवजी असलान हा सिंह स्वतः मरण पत्करतो. आमचा दुसरा प्रश्न येथे आठ वर्षांच्या मुलाला कळेल अशा रीतीने सुटतो. एडमंडला क्षमा मिळते, आणि पुढे तोच शहाणा राजा होतो.

एक इशारा मात्र देतो. 'द हॉर्स अँड हिज बॉय' आणि 'द लास्ट बॅटल' या भागांत कॅलोरमेन नावाचे सावळ्या वर्णाचे, फेटे बांधणारे लोक बहुधा क्रूर आणि लबाड दाखवले आहेत. लेखक आपल्या काळाचे आणि देशाचे पूर्वग्रह झटकू शकले नाहीत. आपली मुले सावळी आहेत आणि त्यांच्या आजोबांच्या डोक्यावर फेटा होता. ही पाने आईवडिलांनी मुलांबरोबर वाचावीत आणि त्यांवर बोलावे. दोष दाखवून पुस्तक वाचता येते, हेही मुलांना शिकण्यासारखे आहे.

राखेतील मठ

प्रौढ वाचकांना आमची पहिली शिफारस वॉल्टर एम. मिलर या अमेरिकन लेखकाच्या 'अ कँटिकल फॉर लीबोविट्झ' या 1959 च्या कादंबरीची. तिला 1961 चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. दुसऱ्या महायुद्धात मिलर बाँबफेकी विमानावर काम करीत. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात स्थापिलेला इटलीतील माँते कासिनोचा मठ 15 फेब्रुवारी 1944 रोजी दोस्तांच्या विमानांनी उद्ध्वस्त केला. त्या मोहिमेत मिलर होते. 1947 साली ते कॅथलिक झाले. ज्या हातांनी मठ पाडण्यास साहाय्य केले त्याच हातांनी पुढे कागदावर एक मठ बांधला, असे म्हणावेसे वाटते.

कादंबरीतील जग अणुयुद्धात जळून गेले आहे. उरलेल्या लोकांनी संतापाने विद्वानांना ठार मारले, ग्रंथ जाळले. लीबोविट्झ नावाच्या अभियंत्याने मठवासी होऊन एक संघ स्थापला. काम एकच, उरलेसुरले कागद जपणे. सहाशे वर्षांनंतर त्या मठातील भोळा धर्मबंधू फ्रान्सिस याला वाळवंटात एक तळघर सापडते. त्यात लीबोविट्झची कागदपत्रे आहेत : यंत्राचा एक आराखडा आणि वाणसामानाची एक यादी. यादीही पवित्र अवशेष म्हणून जपली जाते. आराखड्याचा अर्थ न कळता फ्रान्सिस वर्षानुवर्षे खपून त्याची सोन्याच्या वर्खाने सजवलेली नक्कल करतो. हसू येते, आणि हसता हसता लक्षात येते की ज्ञान जपणाऱ्यांनी खरोखरीच असे केले आहे. अर्थ कळेपर्यंत वाट पाहिली असती तर पुष्कळसे नष्ट झाले असते.

पण मिलर भाबडे नाहीत. जपलेल्या ज्ञानातून पुन्हा दिवा लागतो, पुन्हा यंत्रे येतात, आणि अठराशे वर्षांनंतर पुन्हा तोच बाँब. ज्ञान वाचले, माणूस सुधारला नाही. तिसऱ्या भागात किरणोत्सर्गाने भाजलेली एक माता आपल्या तान्ह्या मुलीसह सरकारी मृत्युछावणीकडे निघते, जेथे असाध्य रुग्णांना 'दयामरण' दिले जाते. मठाधिपती झेर्की तिला परावृत्त करण्याची शिकस्त करतात. शेवटी त्यांचा तोल सुटतो आणि ते डॉक्टरला ठोसा मारतात. डॉक्टर दुष्ट नाही. त्यालाही वेदना पाहवत नाहीत. लेखकाने दोन्ही बाजूंना पुरते बोलू दिले आहे. ज्यांनी आपल्या घरात कर्करोगाची अखेर पाहिली आहे त्यांना ही पाने वाचताना त्रास होईल. तरीही वाचावीत, असे आम्ही म्हणू. आजाऱ्याच्या खाटेशेजारी उभे राहून आम्हीही कधी कधी त्या मठाधिपतीसारखे बरोबर तेच बोललो आहोत, आणि चुकीच्या आवाजात.

मिलर यांच्याविषयी आणखी एक गोष्ट लपवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. 1996 साली त्यांनी स्वतःच आपले जीवन संपवले. ज्या प्रश्नावर त्यांची कादंबरी इतकी ठाम उभी आहे, नेमक्या त्याच ठिकाणी लेखक कोसळला. यामुळे कादंबरी खोटी ठरते काय? आम्हांला तसे वाटत नाही. फ्रोडोचा संकल्प मोडला म्हणून अंगठी वाईट ठरायची थांबली नाही. 1992 च्या कॅथलिक श्रद्धाग्रंथात ख्रिस्तसभा स्पष्ट सांगते की, तीव्र मानसिक पीडेत अशा व्यक्तीची जबाबदारी उणावू शकते आणि तिच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये. देवाच्या वाटा देवाला ठाऊक, आपण प्रार्थना करावी. आपल्या धर्मग्रामांतून ज्या घरांवर हा प्रसंग आला आहे त्या घरांकडे पाहताना आपल्या माना आजही वळतात. त्या माना सरळ करण्यासाठी तरी हे पुस्तक आणि त्याच्या लेखकाचे चरित्र एकत्र वाचावे.

तारा

सगळीच पुस्तके आपल्या बाजूची असावीत, असा आग्रह धरू नये. आर्थर सी. क्लार्क हे श्रीलंकेत दीर्घकाळ राहिलेले विज्ञानलेखक धर्मश्रद्ध नव्हते. 'द स्टार' या त्यांच्या 1955 च्या लघुकथेचा नायक मात्र येशूसंघीय खगोलशास्त्रज्ञ आहे. दूरच्या एका ताऱ्याचा स्फोट होऊन त्याभोवतीची सुंदर, सुसंस्कृत मानवजात नष्ट झाली. तिचे अवशेष पाहून तो परत येत आहे. स्फोटाचा काळ तो मोजतो आणि त्याची श्रद्धा हादरते. त्या जळत्या ताऱ्याचाच प्रकाश बेथलेहेमवर चमकला होता.

ही कथा वाचून आम्ही त्या रात्री नीट झोपलो नाही. देवाला दुसरा तारा नव्हता काय? पण सकाळी प्रार्थनापुस्तक उघडताना एक गोष्ट आठवली. नाताळनंतर तिसऱ्याच दिवशी, 28 डिसेंबरला, ख्रिस्तसभा बेथलेहेमच्या निष्पाप बालकांचे स्मरण करते. ताऱ्याच्या मागून आलेल्या ज्ञानी पुरुषांनी हेरोदाच्या दरबारात चौकशी केली, आणि त्यामागोमाग तान्ह्या मुलांच्या कत्तली झाल्या. म्हणजे त्या ताऱ्याच्या प्रकाशात निरपराधांचे रक्त सांडले, हे क्लार्क यांनी नव्हे, संत मत्तयाने प्रथम लिहिले. आपण गव्हाणी सजवण्याच्या गडबडीत ते पान उलटून जातो. क्लार्क यांच्या प्रश्नाला आमच्यापाशी सुटसुटीत उत्तर नाही; योबालाही ते मिळाले नव्हते. एवढे मात्र म्हणतो की, गव्हाणीतील बालक पुढे स्वतःही त्या निरपराधांच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

विज्ञान शिकणाऱ्या आपल्या तरुणांना हा प्रश्न कधी ना कधी भेटणारच. तो एखाद्या कुत्सित माणसाकडून भेटण्यापेक्षा चांगल्या कथेतून भेटलेला बरा. आणि खगोलशास्त्र करणारा येशूसंघीय ही काही क्लार्क यांची कल्पना नव्हे. पोप तेरावे लिओ यांनी 1891 साली व्हॅटिकनची वेधशाळा नव्याने उभी केली. तेव्हापासून अनेक येशूसंघीयांनी तेथे आकाशाचा अभ्यास केला आहे. 2025 साली तिच्या संचालकपदी फादर रिचर्ड डिसोझा या भारतीय येशूसंघीयाची नियुक्ती झाली.

आपल्या भाषेतील विज्ञानकथा

मराठीत विज्ञानकथेचा विषय निघाला की प्रथम नाव येते डॉ. जयंत नारळीकरांचे. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने. आपल्या कीर्तीचे दडपण परीक्षकांवर येऊ नये म्हणून. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. 20 मे 2025 रोजी त्यांचे निधन झाले. आपल्या वाचकांना एक योगायोग आठवत असेल : 2020 साली उस्मानाबाद येथील 93 व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते, आणि 2021 साली नाशिकच्या 94 व्या संमेलनाचे अध्यक्ष नारळीकर. धर्मगुरूच्या पाठोपाठ वैज्ञानिकाला त्याच खुर्चीवर बसवण्यात मराठी वाचकाला काही विसंगत वाटले नाही, हे आम्हांला फार मोलाचे वाटते.

त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा घरात मोठ्याने वाचावी अशी आहे. एक इतिहासकार अपघाताने अशा जगात जाऊन पोहोचतो जेथे विश्वासरावांना गोळी लागली नाही आणि पानिपत मराठ्यांनी जिंकले. एका गोळीच्या अंतराने सगळा इतिहास वेगळा. 'यक्षांची देणगी' हा त्यांचा संग्रह आणि 'वामन परत न आला' ही कादंबरीही वाचनीय आहे. या कादंबरीत प्राचीन, प्रगत आणि लयास गेलेल्या संस्कृतीने जमिनीत पुरून ठेवलेले ज्ञान हाती लागते, त्यातून यंत्रमानव जन्मतो, आणि ज्ञानाबरोबर त्याचा धोकाही वर येतो. मिलर यांच्या तळघराशेजारी हे उत्खनन ठेवून पाहावे. श्रद्धाळू कॅथलिक आणि श्रद्धेचा टेकू न घेणारा मराठी वैज्ञानिक यांनी एकच भीती शब्दांत मांडली आहे. नारळीकरांची पात्रे पुष्कळदा विचारांची वाहने होतात, त्यांचे अंतरंग उघडत नाही, ही उणीव खरी. पण त्यांचा प्रामाणिकपणा मोठा आहे.

त्यांना वाचण्याचे आणखी एक कारण आहे. कल्पित जादूला भिणाऱ्या आपल्या कित्येक घरांत रविवारच्या पुरवणीतील राशिभविष्य मात्र नेमाने वाचले जाते आणि मुलाची दृष्ट काढली जाते. श्रद्धाग्रंथ ज्या गोष्टींचा निषेध करतो त्या या : भविष्य पाहणे, कुंडल्या मांडणे, गूढ शक्ती ताब्यात घेऊ पाहणे. गोष्ट वाचण्याचा त्यात समावेश नाही. नारळीकरांनी सहकाऱ्यांसह 27 ज्योतिषांची चाचणी घेतली होती. हुशार मुले आणि मतिमंद मुले यांच्या मिश्र कुंडल्या त्यांना ओळखावयास दिल्या. बरोबर उत्तरांचे प्रमाण 46 टक्के आले. नाणे उडवले असते तरी जवळपास तेवढेच आले असते. खऱ्या अंधश्रद्धेवर इतके स्वच्छ औषध देणाऱ्या लेखकाला आपल्या कपाटात जागा असलीच पाहिजे.

पुस्तक परत

परीक्षा संपली. माय-लेक पुस्तक न्यावयास आले. बाईंनी आपला प्रश्न पुन्हा विचारला नाही. बहुधा त्या तो विसरल्या होत्या. आम्ही विसरलो नव्हतो. आम्ही त्यांना सांगितले की हे वाचण्यात पाप नाही. त्या दिवशी न वाचता ते ठेवून घेतले, ती चूक आमची. आणि त्याला हे एकट्याने वाचू देऊ नका, जेवताना विचारत जा, आज कुठवर आला, कोण पडले, कोणी कोणाला उचलले. बाई म्हणाल्या, त्यांना एवढे इंग्रजी येत नाही. मुलगा म्हणाला, "मी सांगेन ना मराठीत."

मग तो आमच्याकडे वळला. त्याला त्याचे उत्तर हवे होते. आम्ही म्हणालो, "फ्रोडो जिंकला नाही, बाळा. तो वाचला."

त्याने थोडा विचार केला. "म्हणजे गॉलममुळे?"

"गॉलमला कोणीतरी आधी सोडून दिलं होतं, त्यामुळे."

तो काही बोलला नाही. पुस्तक काखेत घेऊन आईच्या मागे पायऱ्या उतरला. त्याला ते पटले की नाही, आम्हांला माहीत नाही. धर्मग्रामाच्या वाचनालयात मात्र आता या पुस्तकांसाठी एक वेगळा कप्पा केला आहे, आणि त्या कपाटाला आम्ही कुलूप लावत नाही.